‘हाउ डू यू कम टू वर्क?’ : कामावर येण्याजाण्याचं रोजचं इंग्रजी



इंटरव्ह्यूमध्ये शिक्षण विचारून होतं, अनुभव विचारून होतो आणि मग समोरचा माणूस सहज विचारल्यासारखं विचारतो, ‘व्हेअर डू यू लिव्ह? हाउ विल यू कम टू वर्क?’ बऱ्याच जणांना वाटतं, परीक्षा संपली, आता गप्पा चालल्यात. मग ते ‘डोंबिवली, ट्रेन’ असे दोन शब्द टाकून मोकळे होतात.

मी स्वतः दुकान चालवतो आणि माणसं नेमतो, म्हणून सांगतो. हा प्रश्न गप्पांचा नसतो. दहाला शटर वर गेलंच पाहिजे आणि चावी ज्याच्याकडे आहे तो रोज कुठून, कशाने येणार हे मला माहीत असावं लागतं. या एका प्रश्नातून मालक तीन गोष्टी चाचपतो. हा वेळेवर येईल का? रोज येईल का? आणि एखाद्या दिवशी उशीर होणार असेल तर आधी कळवेल का? तुमचं उत्तर नीट असेल तर तिन्ही प्रश्न तिथेच मिटतात.

आता चांगली बातमी. इंग्रजी बोलायला शिकायचं असेल तर यापेक्षा सोपा विषय मिळणार नाही. रस्ता तोच, गाडी तीच, वेळ तीच. वाक्यं जेमतेम वीस-पंचवीस. आणि ती वापरायची संधी रोज, आठवड्यातून सहा दिवस. व्हिडिओत जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहून देतोय, म्हणजे वही घेऊन बसता येईल.

आधी एक शब्द : कम्यूट

मराठीत आपण सगळ्यालाच ‘प्रवास’ म्हणतो. काशीला गेलो तरी प्रवास, दादरला कामाला गेलो तरी प्रवास. इंग्रजीत तसं चालत नाही. घर ते काम आणि काम ते घर, या रोजच्या फेरीला ‘कम्यूट’ म्हणतात. एखाद्या कामासाठी किंवा फिरायला जाऊन परत आलात तर ती ‘ट्रिप’. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा पल्ला म्हणजे ‘जर्नी’. आणि ‘ट्रॅव्हल’ म्हणजे एकूणच प्रवास करणं. त्यामुळे ‘माय ट्रॅव्हलिंग इज टू अवर्स’ याऐवजी ‘माय कम्यूट इज टू अवर्स’ म्हणा. एक शब्द बदलला की वाक्य लगेच नीट वाटतं.

या शब्दाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना सवलतीचं एकगठ्ठा तिकीट द्यायला लागल्या. रोजच्या भाड्याच्या बदल्यात एकदाच पैसे भरायचे. या अदलाबदलीवरून त्याला ‘कम्यूटेशन तिकीट’ म्हणत आणि ते बाळगणारा झाला ‘कम्यूटर’. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पासवाला! तुमच्या खिशात लोकलचा महिन्याचा पास असेल तर हा शब्द मुळात तुमच्यासाठीच तयार झालाय.

आपल्याकडे आणखी एक शब्द चालतो, ‘अप-डाउन’. ‘मी रोज इगतपुरीहून नाशिकला अप-डाउन करतो.’ हे मराठीत एकदम बरोबर आहे आणि इथल्या माणसाला कळतंही. पण ‘आय डू अप-डाउन’ हे परदेशी ग्राहकाला किंवा मोठ्या कंपनीच्या एचआरला विचित्र वाटेल. तिथे म्हणा, ‘आय कम्यूट फ्रॉम इगतपुरी टू नाशिक एव्हरी डे.’

उत्तराच्या चार कड्या

‘हाउ डू यू कम टू वर्क?’ या प्रश्नाच्या उत्तरात चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या. कुठून, कशाने, किती वेळ लागतो आणि कितीला पोचता.

मुंबईचं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही डोंबिवलीला राहता आणि काम लोअर परळला आहे.

‘आय लिव्ह इन डोंबिवली. आय टेक अ फास्ट ट्रेन टू दादर, चेंज टू द वेस्टर्न लाइन, अँड गेट ऑफ ॲट लोअर परळ. इट टेक्स मी अबाउट अ‍ॅन अवर अँड अ हाफ. आय गेट टू द ऑफिस बाय नाइन फोर्टी-फाइव्ह.’

फक्त चार वाक्यं. पण ऐकणाऱ्याला कळलं की या माणसाने रस्ता पाहिलाय, वेळ मोजलाय आणि दहाच्या आधी पंधरा मिनिटं हातात ठेवलीत. तिन्ही शंकांपैकी दोन इथेच मिटल्या.

पुण्याचं उदाहरण. घर कोथरूडला, काम पिंपरीला.

‘आय लिव्ह इन कोथरूड. आय टेक द मेट्रो फ्रॉम वनाझ अँड चेंज ॲट सिव्हिल कोर्ट. इट टेक्स मी अबाउट अ‍ॅन अवर. आय गेट टू वर्क बाय हाफ पास्ट नाइन.’

आणि एमआयडीसीत गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी : ‘आय लिव्ह इन कोल्हापूर. आय राइड माय स्कूटर टू द एमआयडीसी. इट टेक्स मी हाफ अ‍ॅन अवर. आय रीच द फॅक्टरी बाय एट.’

यात एक बारीक गोष्ट बघा. ‘गेट टू द ऑफिस’ मध्ये ‘टू’ आहे, पण ‘रीच द ऑफिस’ मध्ये नाही. आपण मराठीत ‘ऑफिसला पोचतो’ म्हणतो. त्या ‘ला’ मुळे तोंडात ‘रीच टू ऑफिस’ येतं. ‘रीच’ ला ‘टू’ लागत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. रोजची सवय सांगायची असेल तर साधा वर्तमानकाळ वापरा : ‘आय कम बाय ट्रेन.’ ‘आय ॲम कमिंग बाय ट्रेन’ म्हणजे आत्ता, आज ट्रेनने येतोय. इंटरव्ह्यूमध्ये ‘आय ॲम कमिंग बाय ट्रेन डेली’ म्हणणारे खूप भेटतात. अर्थ पोचतो, पण वाक्य अडखळतं. रोजचं असेल तर ‘आय कम’, आत्ताचं असेल तर ‘आय ॲम कमिंग’, एवढं पाठ करा.

बसने, गाडीवर, गाडीत

आपल्या ‘ने’ प्रत्ययाला इंग्रजीत ‘बाय’ आहे : बाय बस, बाय ट्रेन, बाय मेट्रो, बाय रिक्षा. मध्ये ‘अ’ नको, ‘द’ नको. पण वाहन ‘माझं’ किंवा ‘मित्राचं’ झालं की ‘बाय’ जातो. ‘बाय माय बाइक’ नाही म्हणायचं. ‘ऑन माय बाइक’, ‘इन माय कार’, ‘ऑन माय फ्रेंड्स स्कूटर’ म्हणायचं. ज्यावर टांग टाकून बसता ते ‘ऑन’, ज्याच्या आत शिरून बसता ते ‘इन’.

चालत येत असाल तर ‘आय कम बाय वॉकिंग’ म्हणू नका. सरळ ‘आय वॉक टू वर्क’ म्हणा.

चढणं-उतरणं पण असंच. बस, ट्रेन, मेट्रो, बाइक यांत ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. कार, टॅक्सी, रिक्षा यांत ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. आपल्याकडे उतरण्याला सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतात. भारतात ते सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्याची लाज वाटून घेऊ नका. पण परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’ म्हणा, कारण त्याच्या कानाला ‘गेट डाउन’ म्हणजे खाली वाका!

मुंबईकरांना एक गोष्ट फुकटात येते. आपण गाडीला वेळेने ओळखतो, ‘मी आठ बाराची पकडतो.’ इंग्रजीतही हुबेहूब तसंच आहे : ‘आय टेक द एट-ट्वेल्व्ह.’ गाडीचं नाव म्हणजे तिची वेळ, पुढे फक्त ‘द’ लावायचा.

पाऊण, सव्वा, दीड : इथे खरा गोंधळ होतो

मराठीत वेळ मोजायला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहेत. इंग्रजीत प्रत्येकासाठी वेगळा एकच शब्द नाही. त्यामुळे डोक्यात मराठी आकडा येतो आणि तोंडातून चुकीची वेळ जाते. ही यादी वहीत लिहाच.

पाऊण तास म्हणजे ‘फोर्टी-फाइव्ह मिनिट्स’.
सव्वा तास म्हणजे ‘अ‍ॅन अवर अँड फिफ्टीन मिनिट्स’.
दीड तास म्हणजे ‘अ‍ॅन अवर अँड अ हाफ’.
पावणेदोन तास म्हणजे ‘अ‍ॅन अवर अँड फोर्टी-फाइव्ह मिनिट्स’.
अडीच तास म्हणजे ‘टू अँड अ हाफ अवर्स’.

आता घड्याळाची वेळ.

सव्वादहा म्हणजे ‘टेन फिफ्टीन’ किंवा ‘क्वार्टर पास्ट टेन’.
साडेदहा म्हणजे ‘टेन थर्टी’ किंवा ‘हाफ पास्ट टेन’.
पावणेदहा म्हणजे ‘नाइन फोर्टी-फाइव्ह’ किंवा ‘क्वार्टर टू टेन’.

शेवटच्यावर बोट ठेवा. पावणेदहात ‘दहा’ ऐकू येतं म्हणून घाईत ‘टेन फोर्टी-फाइव्ह’ निघून जातं. तुम्ही सांगितलं पावणेदहा, समोरच्याने ऐकलं पावणेअकरा. एका तासाचा फरक पडला. ग्राहकाला दिलेली वेळ असेल तर तो दहाला येऊन बंद दार बघेल किंवा अकराला येऊन तुम्हालाच उशीर करवेल. म्हणून पाव आणि पाऊणची वेळ सांगताना सरळ आकडे वापरा, ‘नाइन फोर्टी-फाइव्ह’. ‘क्वार्टर’ नंतर, सवय झाल्यावर.

आणि ‘लागतं’ हे क्रियापद. ‘मला दीड तास लागतो’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की ‘मी रिक्वायर्ड’, ‘माय टाइम टेक्स’ असं काहीतरी होतं. इथे वाक्याची सुरुवात ‘इट टेक्स मी’ ने करा आणि पुढे वेळ जोडा. ‘इट टेक्स मी फोर्टी-फाइव्ह मिनिट्स.’ पावसाळ्यात जास्त लागत असेल तर ‘इट टेक्स मी लाँगर इन द रेन्स.’ हा एक साचा आयुष्यभर पुरतो.

‘पर्यंत’ चे दोन अर्थ

‘मी साडेदहापर्यंत येतो’ आणि ‘मी साडेदहापर्यंत दुकानात आहे.’ दोन्हीकडे ‘पर्यंत’ आहे, पण अर्थ वेगळा आहे. पहिल्यात साडेदहा ही शेवटची मुदत आहे, त्याआधी केव्हाही येईन. दुसऱ्यात साडेदहा वाजेतोवर मी तिथेच आहे. इंग्रजीत मुदतीला ‘बाय’, तोवर चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’.

‘आय विल बी देअर बाय टेन थर्टी.’ साडेदहापर्यंत पोचतो.
‘आय विल बी इन द शॉप टिल टेन थर्टी.’ साडेदहापर्यंत दुकानात आहे.

आपण ‘आय विल कम टिल टेन थर्टी’ म्हणतो तेव्हा इंग्रजीच्या माणसाला नक्की काय ते कळत नाही. आता दोघांमधला फरक किती महाग पडू शकतो बघा. ग्राहकाला सांगायचं होतं ‘साडेदहापर्यंत पोचतो’ आणि तुम्ही लिहिलंत ‘आय ॲम इन द शॉप टिल टेन थर्टी.’ ग्राहक समजला, साडेदहानंतर दुकानात कोणी नाही. तो आलाच नाही. ऑर्डर गेली, कारण एका शब्दाइतकं लहान.

असंच ‘दहा मिनिटांनी येतो’. याचं ‘आय विल कम आफ्टर टेन मिनिट्स’ करू नका, ‘आय विल बी देअर इन टेन मिनिट्स’ करा. इथे ‘इन’ म्हणजे आत्तापासून दहा मिनिटांनी.

उशीर होणार हे कसं कळवायचं

मालकाची तिसरी शंका आठवते? ‘उशीर होणार असेल तर आधी कळवेल का?’ इतक्या सगळ्या वाक्यांपैकी ही वाक्यं सर्वांत जास्त कामाची.

माझ्या बॅचला एक मुलगा होता, शोरूममध्ये सेल्सला लागलेला. पावसाळ्यात एकदा त्याची लोकल मध्येच थांबली. रुळांवर पाणी. मुलगा डब्यात अडकला, फोन हातात होता, रेंज होती. पण त्याचा सुपरवायझर इंग्रजीतून बोलणारा. फोन केला आणि वाक्य चुकलं तर? मेसेज केला आणि ग्रुपवर सगळे हसले तर? या विचारात पाऊण तास गेला आणि त्याने काहीच कळवलं नाही. अकराला पोचला तेव्हा अर्धा दिवस कापला गेला होता. शिवाय सुपरवायझरच्या डोक्यात ‘न सांगता दांडी मारणारा’ हा शिक्का बसला तो वेगळाच. गाडी थांबली यात त्याचा काही दोष नव्हता. न कळवणं मात्र त्याच्या हातात होतं आणि तिथे त्याला अडवलं ते इंग्रजीच्या भीतीने.

त्याला मी जो साचा दिला तोच तुम्हाला देतो. मेसेजमध्ये तीन गोष्टी टाका. काय झालं, मी कुठे आहे, कितीला पोचेन.

‘गुड मॉर्निंग सर. द ट्रेन हॅज स्टॉप्ड ड्यू टू हेवी रेन. आय ॲम निअर कुर्ला. आय विल बी देअर बाय इलेव्हन.’

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण मालकाला पाऊस दिसतोच आहे. त्याला हवी असते वेळ, म्हणजे तोवर काउंटरवर कोणाला बसवायचं ते त्याला ठरवता येतं. जमलं तर चौथं वाक्य जोडा, कामाचं : ‘द कीज आर विथ मी’ किंवा ‘प्लीज आस्क समवन टू ओपन द काउंटर.’ हे वाक्य लिहिणारा माणूस मालकाच्या डोक्यात कायमचा राहतो.

कारण सांगायला ही वाक्यं पुरतात :

‘द ट्रेन इज रनिंग ट्वेंटी मिनिट्स लेट.’ गाडी वीस मिनिटं उशिरा धावतेय.
‘माय ट्रेन वॉज कॅन्सल्ड.’ माझी गाडी रद्द झाली.
‘आय मिस्ड माय बस.’ माझी बस चुकली.
‘आय ॲम स्टक इन ट्रॅफिक.’ ट्रॅफिकमध्ये अडकलोय.
‘माय बाइक हॅज अ फ्लॅट टायर.’ गाडी पंक्चर झालीय.
‘द बस हॅज ब्रोकन डाउन.’ बस बंद पडलीय.

‘मेगाब्लॉक’ हा शब्द मुंबईबाहेरच्या माणसाला कळेलच असं नाही. रविवारी काम असेल आणि बाहेरच्या ग्राहकाला सांगायचं असेल तर, ‘देअर इज मेंटेनन्स वर्क ऑन द रेल्वे लाइन टुडे.’

स्वतःच्या उशिरासाठी तीन वाक्यं वेगळी ठेवा. अजून पोचला नसाल तर ‘आय ॲम रनिंग लेट.’ पोचल्यावर, दारात, ‘सॉरी आय ॲम लेट.’ ‘सॉरी फॉर लेट’ किंवा ‘आय गॉट लेट’ नको. आणि उगाच लांबलचक कहाणी पण नको. ‘सॉरी आय ॲम लेट, द ट्रेन वॉज डिलेड’ म्हणा आणि कामाला लागा.

एक गोष्ट वेळेबद्दल. उशीर होणार हे कळल्या क्षणी मेसेज करा. दहाची वेळ असेल आणि साडेनऊला गाडी थांबली तर मेसेज साडेनऊला गेला पाहिजे. सव्वादहाला गेलेला मेसेज म्हणजे सबब, साडेनऊला गेलेला म्हणजे माहिती.

‘निघालो’ चे चार टप्पे

आपल्याकडे ‘निघालो’ हा शब्द फार उदार आहे. माणूस टॉवेलवर असतो आणि फोनवर म्हणतो, ‘निघालो, निघालो.’ ऐकणाराही समजून घेतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक टप्प्याला वेगळं वाक्य आहे आणि समोरचा ते अक्षरशः खरं मानतो.

‘आय ॲम अबाउट टु लीव्ह.’ निघतोच आहे, अजून घरीच.
‘आय हॅव जस्ट लेफ्ट होम.’ आत्ताच घरातून बाहेर पडलो.
‘आय ॲम ऑन माय वे.’ वाटेत आहे.
‘आय ॲम ऑलमोस्ट देअर.’ आलोच, दोन-चार मिनिटांत.

घरी असताना ‘ऑन माय वे’ पाठवलंत आणि तासाने पोचलात तर इंग्रजी बरोबर पण माणूस खोटा ठरतो. म्हणून टप्पा खरा सांगा.

लिफ्टमधल्या दोन मिनिटांसाठी

कळवणं झालं, आता गप्पा. ऑफिसात नवीन असाल तर पहिली ओळख लिफ्टमध्ये नाहीतर चहाच्या टपरीवर होते आणि विषय असतो गर्दी. कोणी विचारेल, ‘हाउ वॉज युअर कम्यूट टुडे?’ नुसतं ‘फाइन’ म्हणून थांबू नका. उत्तर द्या, एक तपशील जोडा आणि प्रश्न परत करा.

‘द ट्रेन वॉज पॅक्ड. आय स्टुड ऑल द वे फ्रॉम डोंबिवली. हाउ अबाउट यू?’
‘नॉट बॅड. आय गॉट अ विंडो सीट टुडे. हाउ डू यू कम?’
‘देअर वॉज अ लॉट ऑफ ट्रॅफिक निअर हिंजवडी. डिड यू गेट स्टक टू?’

‘ट्रॅफिक वॉज देअर’ असं आपण मराठीच्या धाटणीने म्हणतो, ‘ट्रॅफिक होतं’. इंग्रजीत ‘देअर वॉज’ आधी येतं. आणि ‘ट्रॅफिक’ ला अनेकवचन नाही. शेवटचा ‘हाउ अबाउट यू?’ विसरू नका. त्याने समोरचा बोलायला लागतो आणि तुम्हाला पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो. नव्या बोलणाऱ्यासाठी ऐकण्याची ती अर्धी मिनिटं म्हणजे श्वास घ्यायची जागा.

‘फोर्थ सीट मिळाली’ याचा आनंद मात्र मुंबईबाहेर समजावत बसू नका. तिघांच्या बाकावर चौथा कसा टेकतो हे लोकलमध्ये चढल्याशिवाय कोणाला कळणार नाही!

दुकानदार मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी

हे वाचणाऱ्यांत बरेच जण माझ्यासारखे दुकान चालवणारे आहेत. तुमच्याकडच्या मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेसेज केला तर त्याचं व्याकरण ग्रुपवर दुरुस्त करू नका. एकदा हसं झालं की पुढच्या वेळी तो फोन बंद ठेवेल आणि शटरसमोर तुम्ही एकटे उभे राहाल. त्यापेक्षा वरचा तीन गोष्टींचा साचा दुकानाच्या ग्रुपवर पिन करून ठेवा. मराठीत लिहिला तरी चालेल, इंग्रजीत लिहिला तर सराव होईल, पण वेळ लिहिलीच पाहिजे, एवढा एकच नियम करा. कळवणाऱ्याला आणि न कळवणाऱ्याला सारखीच शिक्षा दिलीत तर कळवणारेही थांबतात.

सराव कधी करायचा? रस्त्यातच!

वेगळा वेळ काढायची गरज नाही. ज्या रस्त्याबद्दल बोलायला शिकताय तो रस्ता रोज पायाखालून जातोच. हा सात दिवसांचा सराव करा.

सोमवार : स्वतःच्या चार कड्या लिहून काढा. कुठून, कशाने, किती वेळ, कितीला. तुमचं स्टेशन, तुमचा स्टॉप, तुमची वेळ घाला.
मंगळवार : त्या चार वाक्यांचा फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका.
बुधवार : रस्त्यात जे घडतंय ते मनात इंग्रजीत बोला. ‘आय ॲम वेटिंग फॉर द बस. द बस इज कमिंग. आय ॲम गेटिंग ऑन.’
गुरुवार : घड्याळात जेव्हा जेव्हा बघाल तेव्हा वेळ इंग्रजीत म्हणा. पावणेची वेळ दोनदा म्हणा.
शुक्रवार : उशिराचा मेसेज लिहून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. अडचणीच्या दिवशी फक्त जागा आणि वेळ बदलायची.
शनिवार : एका सहकाऱ्याला ‘हाउ वॉज युअर कम्यूट?’ विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका.
रविवार : सुट्टी. दुकान चालू असेल तर मेगाब्लॉकचं वाक्य वापरा!

बुधवारच्या सरावात एखादा शब्द अडेल. अडू द्या, घरी येऊन शोधा. स्वतःच्या रस्त्यावर अडलेला शब्द सापडला की तो पाठ करावा लागत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर आपोआप आठवतो.

आणि पुढच्या इंटरव्ह्यूत ‘हाउ विल यू कम टू वर्क?’ आलं की दोन शब्दांत उरकू नका. सरळ बसा, चार वाक्यं सांगा आणि शेवटी पाचवं जोडा : ‘इफ आय ॲम एव्हर रनिंग लेट, आय विल लेट यू नो इन ॲडव्हान्स.’ कधी उशीर होणार असेल तर मी आधीच कळवेन. मग नोकरी लागल्यावर ते वाक्य पाळा.

भेटू पुढच्या भागात. त्यात ग्राहकाशी फोनवर पत्ता कसा सांगायचा ते बघू. तोपर्यंत तुमच्या चार कड्या तयार ठेवा.